जुनी मोटार आणि वॉरंटीचा आयत

मोटारगाडीबरोबर मिळणारे वॉरंटीपत्र सहसा कोणी वाचत नाही. गाडी नवी असेल तर वाचण्याची निकड भासत नाही, आणि गाडी जुनी असेल तर ते पत्र बहुधा हाती येतच नाही. विकणाऱ्याच्या तोंडून 'इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अजून शिल्लक आहे' एवढे एक वाक्य तेवढे ऐकायला मिळते. त्या वाक्याच्या भरवशावर कित्येकजण आपली काही वर्षांची बचत खर्च करून बसतात. आपले अनेक विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. तेथे पोहोचल्यावर होणाऱ्या पहिल्या मोठ्या खरेदींपैकी एक म्हणजे जुनी मोटार, आणि तेथील विक्रेत्याच्या बोलण्यात 'पॉवरट्रेन वॉरंटी' हा शब्द हमखास येतो. या शब्दामागे यंत्रशास्त्र आहे, संभाव्यताशास्त्र आहे आणि थोडे अर्थशास्त्रही आहे. ही तिन्ही सूत्रे आपण क्रमाने उलगडून पाहू या.

पॉवरट्रेन म्हणजे काय?

इंधनाच्या ज्वलनातून मिळणारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सर्व भागांची साखळी म्हणजे पॉवरट्रेन. इंजिन, गिअरबॉक्स, मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, त्यानंतर डिफरन्शियल आणि शेवटी चाकांना जोडलेले अॅक्सल, असा हा प्रवास आहे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, वातानुकूलन यंत्रणा, दिवे, खिडक्यांच्या मोटारी हे सारे या साखळीच्या बाहेरचे भाग. 'पॉवरट्रेनची वॉरंटी आहे' याचा अर्थ 'गाडीची वॉरंटी आहे' असा होत नाही, हा पहिला मुद्दा येथेच लक्षात ठेवावा.

साखळीच्या आतही एक मेख आहे. गिअरबॉक्सला वॉरंटी असते, पण त्याला लागून असलेल्या क्लचप्लेटला सहसा नसते. याचे कारण घर्षणात सापडते. क्लचप्लेट, ब्रेकपॅड आणि टायर यांचे काम घर्षणावरच चालते, म्हणजे झिजणे हा त्यांचा स्वभावच आहे. ते किती काळ टिकतील हे चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते. याउलट इंजिनातील बेअरिंग आणि गिअरचे दाते तेलात न्हालेले असतात. फिरत्या दांड्याच्या वेगाने तेल आत ओढले जाते आणि धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये त्याचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा तयार होतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा पापुद्रा किती पातळ असेल याची कल्पना येईल. तो शाबूत आहे तोवर धातू धातूला जवळजवळ टेकतच नाही. असा भाग वेळेआधी निकामी झाला, तर दोष घडणीत किंवा देखभालीत असण्याची शक्यता मोठी. घडणीतील दोषाची जबाबदारी उत्पादक घेतो आणि देखभालीची मालकावर टाकतो. वॉरंटीपत्रातील बरीचशी कलमे ही सीमारेषा आखण्यासाठीच असतात.

तीस कोटी फेऱ्या

उत्पादक एवढी मोठी हमी कशाच्या बळावर देतो? एक ढोबळ हिशेब करू. गाडी १ लाख किलोमीटर धावली आणि तिचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर इंजिन २,५०० तास चालले. मिनिटाला २,००० फेरे धरल्यास तासाला १,२०,००० फेरे होतात. म्हणजे एकूण ३० कोटी फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते, तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ कोटी स्फोट झाले. मिनिटाला ७२ ठोके देणाऱ्या आपल्या हृदयाला ३० कोटी ठोके पुरे करण्यास सुमारे ८ वर्षे लागतात.

एकेका इंजिनाचे भवितव्य कोणी सांगू शकत नाही, परंतु लाखभर इंजिनांतील किती बिघडतील हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. बिघाडाचे प्रमाण उभ्या अक्षावर आणि वय आडव्या अक्षावर घेतले, तर अनेक यंत्रांच्या बाबतीत आंघोळीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा आलेख मिळतो. डावीकडे उतार असतो. घडणीतील दोष असलेले नग येथे लवकर बिघडून गळतात. मध्ये सपाट तळ असतो, तेथे बिघाड होतात ते केवळ योगायोगाने. उजवीकडे पुन्हा चढ लागतो, तो झिजेचा आणि थकव्याचा. स्वीडिश अभियंते वालोडी वाइबुल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील एकाच सूत्राने हे तिन्ही टप्पे मांडता येतात. सूत्रातील एक घातांक १ पेक्षा कमी, १ एवढा किंवा १ पेक्षा जास्त घेतला, की अनुक्रमे उतार, तळ आणि चढ मिळतो.

जुनी गाडी घेणाऱ्याला या आलेखातून एक दिलासा आणि एक इशारा मिळतो. दिलासा असा की डावीकडचा उतार पहिल्या मालकाने ओलांडलेला असतो. सपाट तळावर तर यंत्राला जणू वयाची आठवणच नसते. तेथे तीन वर्षांचा आणि चार वर्षांचा भाग सारखाच भरवशाचा. इशारा असा की तळ कोठे संपतो हे बाहेरून दिसत नाही, आणि उत्पादक आपली वॉरंटी चढ लागण्याच्या अलीकडे संपेल अशा बेतानेच ठरवतो.

वॉरंटीचा आयत

'५ वर्षे किंवा ६०,००० मैल, जे आधी होईल ते' या शब्दयोजनेत पुष्कळांची फसगत होते. 'किंवा' या शब्दामुळे दोहोंपैकी एक मर्यादा तरी आपल्याला लाभेल असे वाटते. प्रत्यक्षात वॉरंटी चालू राहण्यासाठी दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. संचांच्या भाषेत हा संयोग नसून छेद आहे.

आलेखकागदावर हे चटकन समजते. आडव्या अक्षावर वर्षे घ्या, उभ्या अक्षावर मैल घ्या. वॉरंटी म्हणजे ५ रुंदीचा आणि ६०,००० उंचीचा एक आयत. गाडीचा जीवनक्रम म्हणजे आरंभबिंदूपासून निघालेली रेषा, आणि तिचा चढ म्हणजे वर्षाकाठी होणारे धावणे. कमी धावणाऱ्या गाडीची रेषा आयताच्या उजव्या बाजूने बाहेर पडते, जास्त धावणाऱ्या गाडीची वरच्या बाजूने. दोन्ही अक्षांना भौतिक अर्थही आहे. धातूची झीज मैलांनी वाढते, तर रबरी सीलांचा कडकपणा गाडी उभी असली तरी वर्षांनी वाढतो.

आरंभबिंदू कोणता, हे महत्त्वाचे. गाडी पहिल्या मालकाच्या ताब्यात गेली तो दिवस म्हणजे शून्य. दुसऱ्याने ती विकत घेतली त्या दिवसापासून उत्पादकाची मोजणी नव्याने सुरू होत नाही. समजा, गाडी ४ वर्षांची असून ४४,००० मैल धावली आहे. तिचे १ वर्ष आणि १६,००० मैल उरले. नवा मालक वर्षाला ११,००० मैल चालवणार असेल तर वर्षभराचे संरक्षण मिळेल; २०,००० मैल चालवणार असेल तर साडेनऊ महिन्यांच्या सुमारास ते संपेल. उभा अक्ष ओडोमीटरवर विसंबून असल्यामुळे त्याचा आकडा मागे फिरवण्यास अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

दुसऱ्या मालकाचा आयत लहान

ह्युंदाई या कोरियन कंपनीच्या गाड्यांबद्दल अमेरिकी ग्राहकांच्या मनात एके काळी बरीच शंका होती. १९९८ साली कंपनीने तेथे पॉवरट्रेनसाठी १० वर्षे किंवा १,००,००० मैल अशी वॉरंटी जाहीर केली. ही मोठी वॉरंटी मूळ मालकापुरती आहे. गाडी दुसऱ्याने सरळ विकत घेतली, की त्याच्यासाठी पॉवरट्रेनचा आयतही ५ वर्षे, ६०,००० मैल एवढाच उरतो. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून 'प्रमाणित' म्हणून घेतलेल्या गाडीला मात्र १० वर्षांचा आयत पुन्हा मिळतो, आणि तोही मूळ तारखेपासूनच मोजला जातो. वरच्या उदाहरणातील गाडी या कंपनीची असेल, तर विक्रेता '६ वर्षे आणि ५६,००० मैल शिल्लक' असे म्हणेल, आणि खरेदीदाराच्या हाती कदाचित एकच वर्ष पडेल. एक इंजिन बदलण्याचा खर्च या फरकात दडलेला असतो. सर्वच कंपन्यांचा नियम असा नाही; कित्येकांची वॉरंटी गाडीबरोबर जाते. म्हणून 'वॉरंटी आहे का' या प्रश्नाच्या जोडीने 'ती माझ्याकडे येते का' हा प्रश्नही विचारावा लागतो.

लिंबांचा बाजार

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकी बोलीत सदोष गाडीला 'लिंबू' म्हणतात. समजा, बाजारात निम्म्या गाड्या २ लाखांच्या योग्यतेच्या आहेत आणि निम्म्या १ लाखाच्या. विकणाऱ्याला आपली गाडी ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा सरासरी, म्हणजे दीड लाख देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, बाजारातून निघून जातो. उरतात त्या वाईट गाड्या, आणि किंमत १ लाखावर येते. माहिती एकाच बाजूला असल्याने चांगला माल बाजाराबाहेर पडतो. या विषयावरील कार्यासाठी अॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

स्पेन्स यांच्या विचारानुसार चांगल्या मालाच्या मालकाला त्याची खूण पटवावी लागते, आणि ती खूण वाईट मालाच्या मालकाला न परवडणारी हवी. वॉरंटी ही अशीच खूण आहे. लिंबू विकणाऱ्याला दीर्घ वॉरंटी महागात पडेल.

कागद काय सांगतो

अमेरिकेत केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार १९८५ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्याला प्रत्येक गाडीवर 'बायर्स गाइड' नावाचा तक्ता लावावा लागतो. विक्रेता स्वतःची वॉरंटी देतो की गाडी 'जशी आहे तशी' विकतो, दुरुस्तीच्या मजुरीचा आणि सुट्या भागांचा किती टक्के खर्च उचलतो, कोणत्या यंत्रणांसाठी, हे त्यावर लिहिलेले असते. तोंडी वचन आणि तक्ता यांत फरक आढळला, तर वचन तक्त्यावर लिहून घ्यावे, कारण तो कराराचा भाग ठरतो. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीला हा नियम लागू नाही. वेगळे पैसे घेऊन विकला जातो तो 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट' आणि वॉरंटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

देखभालीचे काय? १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ बाहेरच्या गॅरेजात तेल बदलले म्हणून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही. तेल वेळेवर बदललेच नाही आणि त्यामुळे बेअरिंग जळाले, तर मात्र नाकारता येते. म्हणून आधीच्या मालकाच्या पावत्यांना मोल आहे. गाडीचा १७ अक्षरांकांचा ओळख क्रमांक त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला दिला, तर मूळ तारीख आणि शिल्लक वॉरंटी समजते. हे काम पैसे देण्याआधी करावे.

आपल्याकडे

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हा विषय आता आपल्या दारी आला आहे. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आणली, तेव्हा तिच्या बॅटरीला आणि मोटरला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी दिली. मैलांत रूपांतर केले तर हा आकडा जवळपास १ लाख मैल निघतो. बॅटरीची क्षमता काळानेही घटते आणि वापरानेही, म्हणून येथेही तोच आयत. या गाड्या जसजशा दुसऱ्या मालकाकडे जातील, तसतसे वर विचारलेले प्रश्न आपल्याकडेही विचारावे लागतील.

नववी-दहावीच्या वर्गात हा आयत आलेखकागदावर काढून घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील पंखा, शीतकपाट वा दुचाकीचे वॉरंटीपत्र आणावे, त्यातील 'वगळलेले भाग' वाचावेत आणि प्रत्येक भाग का वगळला असेल, तो झिजणारा आहे की बिघडणारा, याचा तर्क लिहावा. रेषेचा चढ, संचांचा छेद आणि घर्षण हे तीन धडे एकाच कागदावर भेटतात, आणि पुढे कधी वाहन घेताना तो कागद वाचण्याची सवयही लागते.