विलायतेतला खेचरांचा तळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या उन्हाळ्यापासून १९४४ च्या सुरुवातीपर्यंत, ब्रिटिश भारतीय लष्कराच्या खेचर वाहतूक कंपन्या ब्रिटनमध्ये मुक्कामाला होत्या. लष्करी कागदपत्रांत या दलाला ‘फोर्स के-६’ म्हणत. या कंपन्या ‘रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर’ म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणाऱ्या खात्याच्या होत्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबातले आणि सरहद्द प्रांतातले मुसलमान शेतकरी होते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत त्यांनी साडेतीन वर्षे काढली. या काळात त्यांच्या हातून मोठी लढाई झाली नाही, म्हणून युद्धाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे. सैन्य जगते कसे, चालते कसे आणि परक्या मुलखात टिकते कसे, हे समजून घ्यायला या दलाच्या रोजच्या जगण्यासारखे दुसरे चांगले उदाहरण सापडत नाही.

दल युरोपात गेले त्याला एक अडचण कारण झाली. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेले ब्रिटिश सैन्य पूर्णपणे मोटारींवर चालणारे होते. ब्रिटनने आपल्या खेचर कंपन्या आधीच मोडीत काढल्या होत्या. त्या वर्षीचा हिवाळा फार कडक ठरला. चिखलात आणि बर्फात ट्रक रुतले, तर तोफखान्याला दारूगोळा आणि खंदकांना सामान कसे पोहोचवायचे, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा भारताकडे मागणी गेली. वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत मोहिमा चालवणाऱ्या भारतीय लष्कराकडे खेचरे, ती हाकणारी माणसे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असे तिन्ही होते. २२, २५, २९ आणि ३२ क्रमांकाच्या चार कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघाल्या आणि २६ डिसेंबरला मार्सेलला उतरू लागल्या. सोबत रसद विभाग, जनावरांचा राखीव डेपो आणि वैद्यकीय पथकही होते. दीड हजाराहून अधिक माणसे आणि दोन हजारांच्या आसपास खेचरे असा हा लवाजमा होता. दलाचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हिल्स यांच्याकडे होते आणि जवानांच्या सर्व प्रश्नांत रिसालदार मेजर महंमद अशरफ खान हे त्यांचे मुख्य सल्लागार होते.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसले तेव्हा माघारीची वेळ आली. कंपन्यांतले बरेच जवान उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून आणि काही पश्चिमेकडच्या बंदरांतून इंग्लंडला पोहोचले. माघारीत दाखवलेल्या धैर्याबद्दल जमादार मौला दाद खान यांना ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ मिळाले. मेजर अकबर खान हे भारतीय अधिकारीही डंकर्कच्या वाळूवर आपल्या माणसांबरोबर होते. फ्रान्सच्या पूर्व भागात अडकलेली २२ क्रमांकाची कंपनी मात्र शत्रूच्या हाती लागली आणि तिच्या जवानांनी पुढची वर्षे युद्धकैदी म्हणून काढली. खेचरे जहाजांवर घेता येणे शक्यच नव्हते. ती सगळी फ्रान्समध्ये सोडून द्यावी लागली. रोज दोन वेळा ज्याच्या अंगावरून हात फिरवला, ज्याच्या पायाची प्रत्येक खोड ठाऊक आहे, ते जनावर असे मागे टाकून जाणे खेचरवाल्या जवानासाठी किती जड असेल, हे सैन्याच्या नोंदींत मावत नाही.

ब्रिटनमध्ये कंपन्यांना दुसरी जनावरे घेऊन नव्याने सुरुवात करावी लागली. तिथला पहिला मोठा मुक्काम डर्बीशायरमध्ये ॲशबोर्नजवळच्या शर्ली कॉमन या माळावर पडला. त्यानंतर दल नैर्ऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉलकडे, मग वेल्समध्ये क्रिकहॉवेल आणि ब्रेकनच्या परिसरात आणि शेवटी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात गेले. किंगुसी, डॉर्नोक, गोल्स्पी, लेअर्ग ही तिथली नावे या कंपन्यांच्या मुक्कामांशी जोडलेली आहेत. सुरुवातीला जर्मन आक्रमणाची भीती खरी होती. डोंगर आणि पाणथळ माळ असलेल्या भागात इंधनाशिवाय चालणारी वाहतूक उपयोगी पडेल, असा हिशेब होता. पुढे नॉर्वेत उतरण्याच्या योजना आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा ब्रिटिशांच्या ५२ व्या लोलँड डिव्हिजनला पर्वतीय युद्धाचे शिक्षण देण्याचे ठरले आणि भारतीय खेचर कंपन्या तिच्या मदतीला आल्या. ज्या ब्रिटिश सैन्याने खेचर विसरायचे ठरवले होते, त्याला खेचरावर तोफेचे भाग कसे लादायचे हे आता पंजाबी नाईक आणि दफेदार शिकवत होते.

खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांची संतती. घोड्याच्या पेशीत ६४ आणि गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे असतात, खेचराच्या पेशीत ६३, म्हणून त्याची स्वतःची वीण होत नाही. घोड्यापेक्षा ते कमी खाते, त्याचे खूर कठीण आणि अरुंद असतात, अवघड वाटेवर ते पाय जपून टाकते. हट्टीपणाबद्दल त्याची बदनामी झाली आहे, पण त्यातला बराचसा भाग सावधपणाचा आहे. पाय टाकायला जागा सुरक्षित वाटली नाही की ते थांबते, आणि डोंगरात असे थांबणेच सामान वाचवते. पाठीवर साधारण दोन मण, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो ओझे घेऊन ते दिवसभर चालू शकते. दोन खेचरे जोडलेली दुचाकी लष्करी गाडी त्याच्या कितीतरी पट माल वाहून नेते, पण तिला रस्ता लागतो.

तळावरचा दिवस या जनावराच्या पोटावर आणि पाठीवर बेतलेला असे. पहाटे उठल्यावर माणसांच्या चहापेक्षा आधी खेचरांच्या रांगेकडे जायचे. जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांमध्ये लांब दोर ताणून त्याला जनावरे ओळीने बांधलेली असत आणि प्रत्येकाला अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायचे दोर, लावलेली असे. रात्रीची लीद उचलायची, पायाखालची जागा कोरडी करायची, मग पाणी पाजायचे आणि त्यानंतरच चंदीचा तोबरा तोंडाला बांधायचा. पाणी आधी आणि दाणा नंतर हा नियम मोडला तर पोटशूळ उठू शकतो, म्हणून त्यावर दफेदाराची कडक नजर असे. त्यानंतर खरारा. एका जवानाकडे दोन खेचरे असत. केसांतला चिखल काढणे, खुरांतले खडे काढणे, डोळे-नाकपुड्या पुसणे हे सगळे त्यानेच करायचे. खरारा केवळ स्वच्छतेसाठी नसतो. हात फिरवताना सूज, चटका, खरचटणे लगेच कळते, आणि पाठीवरची लहानशी जखमही ते जनावर कित्येक आठवडे कामातून बाद करू शकते.

ओझे लादणे हे कसबाचे काम होते. प्रत्येक खेचराच्या पाठीला नीट बसेल असे खोगीर त्याच्यासाठी राखून ठेवलेले असे, दुसऱ्याचे लावायचे नाही. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. चढावर ओझे मागे सरकू नये म्हणून छातीवरचा पट्टा आणि उतारावर ते मानेवर येऊ नये म्हणून दुमची म्हणजे शेपटीखालचा पट्टा, दोन्ही बेताने ताणायचे. तळ सोडल्यावर थोडे अंतर गेले की रांग थांबवून तंग पुन्हा आवळायचे, कारण चालू लागल्यावर जनावराचे पोट आत जाते आणि पट्टा सैल होतो. स्कॉटलंडच्या ओल्या टेकड्यांवर, जिथे गवताखाली कुठे दगड आहे आणि कुठे दलदल हे दिसत नाही, तिथे या तपशिलांवर सगळे अवलंबून असे. नालबंद, चांभार आणि सुतार हे तळावरचे कारागीर म्हणूनच सैनिकांइतकेच महत्त्वाचे होते. बर्फ पडला की नालांना टोकदार खिळे बसवायचे, नाहीतर गोठलेल्या रस्त्यावर खेचर घसरून पाय मोडून घेई.

उत्तर स्कॉटलंडचा दिवस-रात्रीचा हिशेब पंजाबच्या माणसाला अगदी अनोळखी. युद्धकाळात ब्रिटनची घड्याळे हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे ठेवलेली होती. त्यामुळे गोल्स्पीसारख्या गावी डिसेंबरात घड्याळाप्रमाणे सकाळी दहाच्या सुमारास उजाडे आणि साडेचारला अंधार पडे. सकाळची सगळी पागेची कामे काळोखात करायची, त्यातही विमानहल्ल्याच्या भीतीने उजेडावर बंदी. उलट जूनमध्ये सूर्य रात्री अकरा वाजून गेल्यावर मावळे आणि काही तासांतच परत वर येई. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला रात्रीच्या नमाजसाठी मध्यरात्रीपर्यंत जागायचे आणि पहाटेच्या नमाजसाठी लगेच उठायचे, असा हा प्रकार होता. त्यातल्या त्यात सोय एवढीच की १९४१ ते १९४३ या वर्षांत रमजान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येत होता. तेव्हा तिथला दिवस साधारण आपल्याकडच्यासारखाच असतो आणि रोजे पाळणे शक्य होते. ईदेच्या नमाजसाठी काही जवान सरे परगण्यातल्या वोकिंगला जात. तिथली शाहजहान मशीद १८८९ मध्ये भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या देणगीतून बांधली गेली होती.

जेवणाची व्यवस्था लष्कराने जपली, आणि ते शहाणपणाचे होते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन आणि हॅम शिधापत्रिकेवर गेले होते, मार्चमध्ये इतर मांसही गेले. अशा टंचाईतही जवानांना कणीक, डाळ, तूप आणि मसाला मिळत राहिला. बकरी-मेंढ्या जिवंत आणून तळावरच हलाल केल्या जात. लांगरी, म्हणजे कंपनीचे स्वयंपाकी, मोठ्या तव्यांवर चपात्या भाजत. वेल्सच्या पावसाळी माळावर ओल्या लाकडांनी धुराचे लोट उठत आणि शेजारच्या गावातली पोरे ते बघायला गोळा होत. लंडनच्या इंडिया हाउसमधून चालणारा ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ लोकरी कपडे आणि इतर गरजेच्या वस्तू पाठवत असे.

घरची ओढ हे या मुक्कामाचे सर्वांत मोठे दुःख होते. पत्रे समुद्रमार्गे जात, वाटेत सेन्सॉर होत, आणि पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने लागत. पुष्कळ जवानांना लिहिता येत नव्हते, त्यांची पत्रे कुणा साक्षर सोबत्याने लिहून द्यायची. ११ मे १९४० रोजी बीबीसीची हिंदुस्तानी सेवा सुरू झाली. झुल्फिकार अली बुखारी यांच्या देखरेखीखालच्या या भारतीय विभागातून जवानांचे निरोपही घरी ऐकवले जाऊ लागले. याच विभागात कोल्हापूर भागातल्या वेणू चितळे काम करत होत्या आणि पुढे मराठी कार्यक्रमही इथूनच प्रसारित झाले.

गावकऱ्यांशी या जवानांचे संबंध बहुतेक ठिकाणी चांगले राहिले. त्याचे एक कारण उघड आहे. दोन्हीकडची माणसे शेतीची आणि जनावरांची होती. मेंढ्या पाळणाऱ्या वेल्श शेतकऱ्याला खेचराच्या खुराची काळजी घेणारा माणूस परका वाटत नाही. गावातली मुले खेचरांवर बसायला येत. मैदानी खेळांच्या दिवशी घोडा दौडत नेऊन जमिनीतली खुंटी भाल्याने उपटण्याचा खेळ आणि खटक नाच बघायला लोक जमत. काही जवानांची स्थानिक मुलींशी नातीही जुळली. याचा अर्थ सगळे समान होते असा नाही. वरचे अधिकारी बहुतांशी गोरे होते, हुद्दा आणि पगार यांतला फरक कायम होता, आणि भारतात १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन पेटलेले असताना ही माणसे त्याच साम्राज्याचा गणवेश घालून उभी होती. जे साम्राज्य त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बर्फात उभे करते, ते त्यांच्या घरी स्वातंत्र्य नाकारते, हा विरोध त्यांच्यापैकी विचारी माणसांच्या मनात खुपला असणारच.

परत न येणारेही होते. आजार आणि अपघातांनी मेलेल्या जवानांना मुक्कामाच्या गावीच दफन केले गेले. किंगुसीच्या दफनभूमीत या दलातल्या नऊ जणांच्या कबरी आहेत आणि तिथल्या एका स्त्रीने सत्तरहून अधिक वर्षे त्यांची निगा राखली.

१९४४ च्या सुरुवातीला कंपन्या भारतात परतल्या. नॉर्वेची मोहीम झालीच नाही, आणि पर्वतीय युद्ध शिकलेली ५२ वी डिव्हिजन नोव्हेंबर १९४४ मध्ये समुद्रसपाटीखालच्या वाल्चेरेन बेटावर लढली. खेचरांची गरज मात्र युद्ध संपेपर्यंत वाढतच गेली. इटलीच्या डोंगरांत भारतीय तुकड्यांना अन्न आणि दारूगोळा खेचरांच्याच पाठीवरून पोहोचला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ज्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, तीही याच आघाडीवर लढली. ब्रह्मदेशाच्या जंगलातही हीच रसदपद्धत चालली.

१९४७ च्या फाळणीत हे सर्व्हिस कोअर दोन देशांत वाटले गेले. ‘फोर्स के-६’ मधल्या बहुसंख्य जवानांची गावे पाकिस्तानात गेली, आणि डंकर्कला असलेले अकबर खान त्या देशाच्या सैन्यात मेजर जनरल झाले. भारतीय लष्करात आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर तुकड्या राहिल्या आणि मोटार पोहोचत नाही अशा उंच सीमेवरच्या चौक्यांना त्यांनी अनेक दशके रसद पुरवली.