खुब्यातली वाटी किती वर्षं टिकते?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर विशी-पंचविशीतला एखादा तरुण लंगडताना दिसला, की कुठे पडला असेल, मार लागला असेल असं लोक धरून चालतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही जणांचं दुखणं वेगळं असतं. ते जांघेत सुरू होतं, मांडीतून खाली उतरतं आणि रुग्ण सांगतो ते 'गुडघा दुखतो' एवढंच. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही, गोळ्या मिळतात. खुब्याचा फोटो काढायची पाळी येईपर्यंत मांडीच्या हाडाचं गोल डोकं आतून खचलेलं असतं.

यामागे बऱ्याचदा सिकलसेल असतो. पालघर, नंदुरबार आणि विदर्भातल्या आदिवासी भागात हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या आणि नाजूक. त्या तुंबल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. कोरोनाच्या साथीनंतर हे नाव शहरातही घरोघर पोचलं. कोरोनात स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये हाच बिघाड दिसू लागल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती.

डोकं एकदा खचलं की उपाय उरतो तो सांधा बदलण्याचा. आणि इथेच जव्हारकडच्या जामसर गावातल्या पंचविशीतल्या रुग्णाचा प्रश्न दादर-पुण्याच्या सत्तरीतल्या आजोबांच्या प्रश्नापासून वेगळा होतो. आजोबांना सांधा पंधरा-वीस वर्षं टिकला तरी पुरे. या तरुणापुढे चाळीस-पन्नास वर्षांचं काम उभं आहे, आणि तेही सपाट रस्त्यावरचं नाही. भाताची आवणी, वरकस जमिनीवरची नाचणी-वरई, पावसाळा सरला की वीटभट्टीवरचं स्थलांतर, घरी परतल्यावर जमिनीवर बसून जेवण. म्हणून कृत्रिम सांधा कशाचा बनवलाय, हा त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. कृत्रिम सांध्यातही रचना तीच असते: मांडीच्या हाडात ठोकून बसवलेली धातूची दांडी, तिच्या टोकाला गोल चेंडू, कमरेच्या हाडात धातूचा कप आणि त्या कपात बसणारी आतली वाटी, म्हणजे लायनर. दांडी आणि कप हाडात पक्के रुजले की सहसा कुरकुर करत नाहीत. झीज होते ती चेंडू आणि लायनर यांच्यामध्ये. साठ वर्षांची सगळी धडपड या एका पृष्ठभागासाठी चालली आहे.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. ते इतकं निसरडं, की सांधा लोण्यासारखा फिरे. रुग्ण खूश झाले. पण तीन-चार वर्षांतच चेंडू वाट्या कोरून आत शिरू लागला आणि झिजलेल्या टेफ्लॉनभोवती सुजेच्या गाठी धरू लागल्या. चार्नली यांनी टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि शरीर त्यावर कसं चवताळतं ते अनुभवलं. मग प्रत्येक रुग्णाला बोलावून सांधे पुन्हा उघडायचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलं. या प्रकरणात मला सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. आपण बसवलेल्या सांध्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी शेवटपर्यंत तपासलं. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलिनची वाटी आणि अवघ्या २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा चेंडू वापरायला सुरुवात केली. आजही जगभर बसतात ते बहुतेक सांधे त्या जोडीचे वंशज आहेत.

पॉलिथिलिन, डॉक्टरांच्या बोलीत 'पॉली', टिकाऊ निघालं, पण झीज त्याचीही होते. जुन्या पॉलीची वाटी वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिजत असे. आकडा किरकोळ वाटतो. पण पंधरा वर्षांनंतरचा एक्स-रे पाहिला की चेंडू वाटीच्या मध्यावरून सरकून वरच्या कडेला गेलेला स्पष्ट दिसतो. खरं नुकसान मात्र एक्स-रेत दिसत नाही. झिजताना सुटलेले कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक, पुष्कळसे मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. शरीराच्या भक्षक पेशी ते परके म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. चिडलेल्या त्या पेशी रसायनं सोडतात, त्याने हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचं हाडच पोखरलं जातं. सांधा मोडत नाही, तो ज्यात रोवलेला असतो ते हाड नाहीसं होतं. रुग्णाला बरेचदा वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही, आणि कळतं तेव्हा दुसऱ्या सांध्याला धरायला हाड उरलेलं नसतं.

त्यावर तोडगा निघाला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. पॉलीवर किरणांचा मोठा मारा केला की त्यातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींशी जखडल्या जातात आणि झीज खूपच कमी होते. याला क्रॉसलिंक्ड पॉली म्हणतात. किरणांमुळे उरलेले अस्थिर रेणू प्राणवायूशी जुळून प्लॅस्टिक ठिसूळ करतात, म्हणून ते पुन्हा तापवावं लागतं. पुढे त्यात ई जीवनसत्त्व मिसळण्याची युक्तीही आली. हे प्लॅस्टिक खरंच टिकतं का, याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेनोंदवहीने दिलं: १६ वर्षांनंतर जुन्या पॉलीच्या सांध्यांपैकी ११.७ टक्के पुन्हा बदलावे लागले होते, क्रॉसलिंक्डपैकी ६.२ टक्के.

चेंडूही बदलत गेला. कोबाल्ट-क्रोमच्या चेंडूवर ओरखडा पडला की तो पॉलीला कानशीसारखा घासतो. म्हणून सिरॅमिक आलं. फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये अॅल्युमिनाचा चेंडू आणि अॅल्युमिनाचीच वाटी बसवली. सिरॅमिकवर सिरॅमिक ही जोडी वर्षाला मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच झिजते. दोष एकच, तुटण्याचा. आतला बारीकसा दोष वाढत गेला की चेंडू एकाएकी फुटतो, आणि त्याच्या कपच्या निवडून काढणं ही सर्जनची मोठी परीक्षा असते. सध्याच्या गुलाबीसर चेंडूत अॅल्युमिनात झिर्कोनियाचे कण मिसळलेले असतात. भेग त्या कणापाशी पोचली की कणाची रचना बदलून तो किंचित फुगतो आणि भेगेला तिथेच दाबून धरतो. गुलाबी रंग येतो तो थोड्याशा क्रोमियममुळे. हा चेंडू फुटल्याच्या घटना फार विरळ. सिरॅमिकच्या वाटीत मात्र सांधा चालताना किरकिरण्याचा त्रास काहींना होतो, आणि वाटीची कड निखळण्याची भीतीही उरते.

धातूवर धातू या जोडीची कथा आपल्याला जास्त जवळची आहे, कारण तिची झळ मुंबई-महाराष्ट्राला लागली. मोठा चेंडू, प्लॅस्टिक नाही, तरुण आणि धावपळ करणाऱ्यांसाठी उत्तम, असं सांगून ती विकली गेली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा त्यातलाच. त्याचा कप अर्धगोलापेक्षा उथळ होता, म्हणून बसवताना जरा तिरका गेला तरी चेंडूचा भार कडेवर येई. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत आणि सांध्याभोवतीचे स्नायू कुजत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतून हे आधी उघड झालं. २००९ च्या अखेरीस तिथून आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून हा सांधा परत घेतला गेला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली, केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांची समिती नेमली. समितीचा अहवाल २०१८ मध्ये जाहीर झाला, तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. सांधा कोणाच्या अंगात आहे हेच माहीत नसेल, तर रुग्णाला सावध तरी कोण करणार?

सांधा किती टिकेल हे आधी तपासायला तो सिम्युलेटर यंत्रात गाईच्या रक्तद्रवात बुडवून दहा लाख पावलं चालवतात. ते एक वर्ष धरलं जातं. पाऊल सपाट जमिनीवरचं आणि भार सुमारे ३०० किलोंपर्यंत. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून चढ चढणाऱ्या बाईचं वर्ष याहून लवकर पुरं होतं. लोकांवरच्या नोंदी म्हणूनच यंत्रापेक्षा मोलाच्या. ब्रिटिश आकडे सांगतात, की सत्तरीनंतर सांधा बदलणाऱ्यांपैकी उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते ती सुमारे ५ टक्क्यांना, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ती सुमारे ३५ टक्क्यांना. पंचविशीतल्या माणसाने दुसरी शस्त्रक्रिया जवळपास गृहीत धरूनच निघायला हवं. प्रश्न असतो तो किती वर्षांनी, आणि तेव्हा हाड किती उरलेलं असेल, एवढाच.

म्हणून माझं मत असं, की अशा तरुणासाठी सिरॅमिकचा चेंडू आणि क्रॉसलिंक्ड पॉलीची वाटी ही जोडी आज सर्वांत शहाणपणाची आहे. वाटी मऊ असल्याने फुटण्याची भीती फारशी नाही, कप जरासा तिरका गेला तरी ती सांभाळून घेते, आणि पुढे झिजलीच तर कप जागेवर ठेवून नुसती वाटी बदलता येते. चेंडू ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा असेल तर उकिडवं बसताना सांधा निखळण्याचा धोकाही कमी होतो. धातूवर धातू नको. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो आणि भूल देताना रक्त व प्राणवायूची खास काळजी लागते. तेव्हा ही शस्त्रक्रिया सिकलसेल हाताळणाऱ्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातून नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे सांध्याचा खर्च आवाक्यात येतो, पण प्रवास, सोबतीचा माणूस आणि बुडालेली मजुरी कोणत्याही कार्डावर चढत नाही.

स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आपल्याकडे अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेवर चालते. ती कायद्याने सक्तीची व्हायला हवी, आणि सरकारी योजनेच्या पैशांतून बसणाऱ्या सांध्यांपासून तरी ही सुरुवात तातडीने व्हावी. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात त्याचं नाव, माप आणि क्रमांक छापलेली लेबलं असतात. तुमच्या घरात कोणाचा खुबा बदलला असेल, तर ही लेबलं डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. ते कार्ड पावसात भिजणार नाही अशा जागी, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आणि काही दुखत नसलं तरी दर दोन-तीन वर्षांनी खुब्याचा एक एक्स-रे काढून घ्या.