डोंगराची ठेव

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदीच्या काठी शिरवळ हे गाव वसले आहे. नीरा पश्चिमेकडे भोरच्या डोंगरांत उगम पावते. तेथे पाऊस मुबलक पडतो. मात्र पूर्वेकडे जावे तसतसा तो कमी होत जातो. म्हणून डोंगरात पडलेले पाणी या प्रदेशास फार मोलाचे आहे.

उघड्या डोंगरावर पडलेले पाणी माती घेऊन वेगाने खाली धावते आणि ती माती पुढे धरणांत गाळ होऊन बसते. डोंगरावर झाडी असेल, तर पावसाचे थेंब पानांवर अडतात, पालापाचोळा पाणी शोषून घेतो आणि मुळे माती धरून ठेवतात. पाणी सावकाश जमिनीत मुरते व पुढे झऱ्यांना आणि विहिरींना मिळते.

मग जंगलास कोणी हातच लावू नये काय? तसे नव्हे. गरिबाची चूल आणि गुरांचा गोठा पुष्कळदा जंगलावरच चालतो. जंगल ही ठेव आहे. तिचे व्याज खावे, मुद्दल मोडू नये. वर्षभरात जेवढे वाढते, तेवढेच घ्यावे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. आरमारासाठी लाकूड तर हवेच होते. तरीही आंबा, फणस यांसारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे तोडू नयेत, जीर्ण झाड लागलेच तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे, असे त्यांनी बजावले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गावही कमी पावसाचे. तेथील डोंगर उजाड झाले होते. पोटासाठी लोक गाव सोडून जात होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारांवर चर खणले, झाडे लावली आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. गुरे मोकळी सोडणे बंद झाले, परंतु गवत बंद झाले नाही. ते विळ्याने कापून घरी न्यावे, असे ठरले. त्यामुळे रोपे वाचली आणि गुरांना चाराही मिळाला. विहिरींचे पाणी वाढले. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परतली.

तो नियम टिकला, कारण तो ग्रामस्थांनीच ठरविला होता. नीरेच्या खोऱ्यातील डोंगरांनाही हाच न्याय लागू पडतो. विळा चालावा, कुऱ्हाड थांबावी. म्हणजे डोंगरही हिरवा राहील आणि गोठाही भरलेला राहील.