धमनीचे छिद्र आणि पाच ग्रॅम वजन

माझ्या मामांच्या हृदयाची तपासणी जांघेतील धमनीतून नळी घालून झाली. "सहा तास पाय वाकवू नका," असे त्यांना बजावले होते. मामा दोन तासांतच उठून बसले! दुसऱ्या दिवशी जांघेत लिंबाएवढी गाठ आली. बोट ठेवले की ती नाडीसारखी उडे.

मित्रहो, थोडे गणित करू. नळीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर धरला, तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस मिलिमीटर होते. हृदय आकुंचन पावताना धमनीतील दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटर स्तंभाइतका, म्हणजे सुमारे १६,००० पास्कल असतो. दोहोंचा गुणाकार करा. येते सुमारे ०.०५ न्यूटन, म्हणजे अवघे पाच ग्रॅम वजन! (हाच दाब रक्ताचा स्तंभ मात्र दीड मीटर उंच चढवील.)

मग नळी काढल्यावर डॉक्टर पंधरा-वीस मिनिटे जोराने दाबून का धरतात? कातडी आणि चरबी यांतून तो जोर पसरतो आणि धमनीही मागे सरकते. तिला मागून आधार हवा. मांडीच्या हाडाचा गोल माथा जांघेत धमनीच्या मागेच असतो, जणू ऐरणच. म्हणून सुई त्याच्यासमोरच टोचायची. ती फार खाली गेली, किंवा छिद्र बुजण्याआधीच पाय वाकला, तर झिरपलेले रक्त भोवती पोकळी करते आणि दर ठोक्याला तिच्यात आत-बाहेर करते. मामांची गाठ ती हीच. हिला मिथ्या धमनीविस्फार म्हणतात, कारण येथे धमनीची भिंत फुगलेली नसते. सुई फार वर गेली, तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूस साठू शकते. बाहेर काही दिसत नाही, रक्तदाब मात्र घसरतो. हे विरळा, पण जिवावर बेतणारे.

निदानाला डॉप्लर परिणाम कामी येतो, तुम्ही रेल्वेच्या शिट्टीवरून शिकता तोच. रक्तकणांवरून परतणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीची वारंवारता बदलते आणि पडद्यावर येणारे रक्त एका रंगात, जाणारे दुसऱ्या रंगात दिसते. लहान गाठी पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या गाठीत पडद्यावर पाहत पाहत थ्रॉम्बिन टोचतात. त्याने रक्त गोठते, पण ते धमनीत जाता कामा नये. एवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रिया.

१९८९ साली कॅनडातील लुसियाँ कांपो यांनी मनगटातील धमनीतून अशी तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. तेथे धमनी कातडीलगत, हाड लगेच मागे आणि हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनीही असते. आज अनेक डॉक्टर हीच वाट पसंत करतात.

मामांना थ्रॉम्बिनच दिले. काही सेकंदांतच गाठीतले रंग पडद्यावरून विझले.