आजीची गोष्ट वहीत उतरवताना

बडोद्यातल्या मराठी घरात म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट दोन दारांनी येते. आजी सांगते ती मराठी, आणि शेजारच्या गुजराती घरात मुलं ऐकतात ती डोशीमाची. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारा वाघ, जाडजूड होऊन येते मग खा ही तिची सबब, आणि परतीच्या वाटेवर गडगडत जाणारा भोपळा. सांगाडा तोच. बंगालात, अगदी इराणातसुद्धा ही म्हातारी अशीच घरी परतते.

पण आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट आजीजवळच असते. ती कागदावर कशी आणायची, आणि पुढेमागे तिच्यातून अद्भुतरम्य कादंबरी लिहायची झाली तर काय सांभाळायचं, ते क्रमाने पाहू.

सुरुवात विचारण्यापासून. ‘तुला लोककथा येतात का गं?’ असं विचारलं की हमखास ‘मला कुठलं काय येतंय’ हे उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘तू लहान असताना झोपताना कोण काय सांगायचं?’ असं विचारावं. गोष्टीला प्रसंग लागतो. दुपारी भाजी निवडायला बसलेली आजी आणि पुढ्यात ऐकणारं एखादं पोर एवढं जमलं तरी गोष्ट आपसूक निघते. श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या तर श्रावणातच विचाराव्यात. वैशाखात त्या आठवतातच असं नाही.

मोबाइल सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी, घरच्या माणसाचीसुद्धा. जुनी गोष्ट कुणा एकाच्या मालकीची नसते. तिचं सादरीकरण मात्र सांगणाऱ्याचं असतं, आणि आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातही सादरकर्त्याचे हक्क मानलेले आहेत.

ध्वनिमुद्रण करताना मोबाइल विमान-मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, कुकर उतरवून ठेवावा. सुरुवातीलाच आपल्या आवाजात तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर-सासर आणि ही गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली ते बोलून घ्यावं. हे नंतर लिहू म्हटलं की राहून जातं, आणि मग चार वर्षांनी आवाज कुठल्या मावशींचा हेच घरात कुणाला सांगता येत नाही.

इथे सर्वांत जास्त बिघडवतो तो आपला उत्साह. आजी क्षणभर थांबली की आपण ‘मग वाघ आला ना?’ म्हणतो. तिच्या गोष्टीत कदाचित आधी कोल्हा येत असेल. आपण वाघ म्हटल्यावर ती वाघच आणते आणि कोल्हा कायमचा जातो. ती थांबली तर आपणही थांबावं. प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारावेत.

पुढची पायरी शब्दशः उतारा, म्हणजे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून काढणं. दहा मिनिटांच्या गोष्टीला तास-दीड तास सहज लागतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच बसावं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच. इथे हात सुधारणेकडे वळतो. आजीच्या बोलण्यातले गुजराती शब्द आपण काढून टाकतो, अर्धी वाक्यं पूर्ण करतो, ‘घातलान्’चं ‘घातलं’ करतो. असं केलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातली आजी आणि पाठ्यपुस्तक यांत फरक उरत नाही. मराठी-गुजरातीची ही मिसळण बडोद्याचीच आहे. ती राहू द्यावी.

दुसरी कात्री पुनरुक्तीवर चालते. वाघ भेटतो, अस्वल भेटतं, कोल्हा भेटतो आणि तिघांशी तेच बोलणं होतं. लिहिताना वाटतं, एकदा लिहून पुढे ‘वगैरे’ म्हणावं. पण या गोष्टीची बांधणीच त्या पुनरुक्तीवर उभी आहे. पहिल्या वेळी मूल ऐकतं, दुसऱ्या वेळी ओळखतं, तिसऱ्या वेळी आजीच्या आधी स्वतःच बोलतं. ते मूल मध्ये बोललं असेल तर तेही लिहावं. हाताने भोपळा गडगडवून दाखवला, आवाज बारीक केला, हे चौकटी कंसात टिपावं.

सांगणाऱ्याचं नाव का जपायचं, याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच दख्खनमधलं आहे. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह 1868 साली लंडनला प्रसिद्ध केला. त्या गोष्टी तिला प्रवासात सांगितल्या होत्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयाने. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या. मेरीने अ‍ॅनाचं नाव तर दिलंच, शिवाय अ‍ॅनाची स्वतःची जीवनकहाणीही पुस्तकात छापली. दीडशे वर्षांनंतर त्या पुस्तकातलं तेच प्रकरण मला सर्वांत जिवंत वाटतं.

आता पाठभेद. म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं, हे सगळीकडे सारखं. पण दार उघडल्यावर कावळ्याचं काय होतं ते घराघरात बदलतं. कुठे चिमणी त्याला ऊब देते, कुठे त्याला चटका बसतो. दोन आज्यांच्या दोन गोष्टी जोडून एक ‘छान’ गोष्ट करण्याचा मोह टाळावा. दोन्ही वेगळ्या लिहाव्यात, वेगळ्या नावांनी.

बडोद्याला हे काम नवं नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. 1951 मध्ये काम सुरू झालं, सातवं कांड 1975 मध्ये छापून आलं. दोन हजारांवर हस्तलिखितं पाहून त्यांतली 86 निवडली आणि पाठभेद तळटिपांत दिले. आपल्या कामात एक मोठा फरक आहे. तोंडी गोष्टीत शोधून काढावा असा मूळ पाठ नसतो, म्हणून तळटिपेत कुणीच जात नाही.

गोष्ट याआधी कुठे छापली गेली आहे का, तेही पाहावं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तकं मिळतात. जगभरच्या लोककथांना प्रकारानुसार क्रमांक देणारी एक सूचीही आहे. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी ती 1910 मध्ये आरंभली, पुढे स्टिथ थॉम्पसन आणि हान्स-योर्ग उथर यांनी वाढवली. जाडजूड होईपर्यंत थांब म्हणणाऱ्या प्राण्या-माणसांचा त्यात 122एफ हा क्रमांक आहे. क्रमांक सापडला नाही तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

इथे संग्रहाचं काम संपतं. कादंबरीसाठी दुसरी वही घ्यावी, आणि पहिलीत एकही ओळ बदलू नये. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी बेळगावला शिकवत असताना कन्नड गोष्टी जमवल्या. काही काळ ते बडोद्याच्या विद्यापीठातही शिकवत होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1997 मध्ये निघालेल्या संग्रहात 77 गोष्टी आहेत. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींवरून गिरीश कार्नाडांनी 1988 मध्ये ‘नागमंडल’ हे नाटक रचलं. गोष्ट रामानुजन यांच्या संग्रही शाबूत होती, म्हणून नाटककाराला तिच्याशी हवं ते करायची मोकळीक मिळाली. बडोद्यातच पाली शिकवणाऱ्या चि. वि. जोशींनीही आपला विनोदी नायक चिमणराव स्वतःच्या कल्पनेतून उभा केला आणि जातककथा मराठीत आणल्या त्या जातककथा म्हणूनच.

कादंबरी लिहिताना गोष्टीतला चमत्काराचा नियम आधी ओळखावा. रामानुजन यांच्या संग्रहातली एक मुलगी फुलझाड होते. एक घागर पाणी घातलं की झाड, दुसरी घातली की पुन्हा मुलगी, आणि मध्ये फांदी मोडायची नाही. नणंद आणि तिच्या मैत्रिणी निष्काळजीपणा करतात, फांद्या मोडतात, आणि सगळं दुःख तिथून सुरू होतं. नवा लेखक बहुधा इथेच चुकतो. जादू वाढवत नेतो, पण नियम मोडल्याची किंमत कुणालाच मोजायला लावत नाही.

दुसऱ्या समाजाच्या गोष्टी घेताना आणखी जपावं. छोटाउदेपूरकडच्या राठवा आदिवासींचा पिठोरा हा चित्रप्रकार पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभतो खरा, पण भिंतीवर तो नवस फेडण्यासाठी, बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या भगताच्या, देखरेखीखाली, विधीने रंगवला जातो. गणेश देवी यांनी 1996 मध्ये बडोद्यात स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेची आदिवासी अकादमी तेजगढला आहे. तिथे जाऊन, माणसांशी बोलून, विचारून मगच लिहावं.

मूळ ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी ठेवावं आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यावी. आजी ऐंशीच्या पुढे असेल तर कादंबरीचं नंतर पाहता येईल. ध्वनिमुद्रण मात्र याच आठवड्यात उरकावं.