घरातली यंत्रं (भाग ९) : पाळण्याजवळचा कान

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी नेमकं किती वाजता येणार, हे ज्या घराला आधी कळतं ते घर भाग्यवान. शहराच्या अनेक भागांत वर्षानुवर्षं पाणी काही दिवसांआड येतं आणि पुष्कळदा ते रात्री-अपरात्री येतं. मग जे माणूस घरात असेल त्याला खाली धावून मोटर लावावी लागते, हौद भरेपर्यंत थांबावं लागतं, पिंपं भरून घ्यावी लागतात. आता अशा घराची कल्पना करा : नवरा वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला, सासूबाई गावी, वर दुसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ नुकतंच झोपलेलं आणि खाली पाणी आलेलं. बाळाला उचलून न्यावं तर झोप मोडते, ठेवून जावं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या वीस मिनिटांसाठी बेबी मॉनिटर उपयोगी पडतो, आणि तिथं ती चैन राहत नाही.

‘आमच्यात बाळ आईच्या कुशीत झोपतं, आम्हाला मॉनिटर कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२मध्ये दिलेला सल्लाही आपल्या घरांच्या रीतीजवळच जाणारा आहे : निदान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्याच खोलीत असावं, मात्र स्वतःच्या सपाट, घट्ट अंथरुणावर आणि पाठीवर झोपवलेलं. म्हणजे रात्रभर दुसऱ्या खोलीत बाळ ठेवून मॉनिटरवर भिस्त टाकावी, असं कुणीच सांगत नाही. हे यंत्र थोड्या वेळच्या गैरहजेरीसाठी आहे. दुपारची झोप, गच्चीवरचे कपडे, घरून काम करणाऱ्या आईची तासाभराची मीटिंग, नाहीतर पाणी.

यंत्र जन्मलं मात्र भीतीतून. १ मार्च १९३२ रोजी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचं वीस महिन्यांचं मूल राहत्या घरातून पळवून नेलं गेलं आणि अमेरिका हादरली. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना स्वतःच्या लहान मुलीची काळजी होती. त्यातून कंपनीनं ‘रेडिओ नर्स’ तयार केलं आणि त्याचं बाह्यरूप घडवायला शिल्पकार इसामू नोगुची यांना बोलावलं. १९३७मध्ये नोगुचींनी बॅकेलाइटमध्ये एक डोकं घडवलं. नाक नाही, डोळे नाहीत, पण पाहताक्षणी परिचारिकेची आठवण यावी असं. हा भाग आई-वडिलांजवळ राहायचा. पाळण्याजवळच्या दुसऱ्या भागाचं नाव होतं ‘गार्डियन इअर’, राखणदार कान. आवाज घरातल्याच विजेच्या तारांमधून जायचा. किंमत होती १९.९५ डॉलर. अडचण अशी होती, की त्यात अधूनमधून इतर रेडिओचं बोलणंही घुसायचं.

कान हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. यंत्राला ऐकू येतं, कळत काही नाही. त्याला काय ऐकू येणार आणि काय नाही, हे घरातल्या माणसांनी ठरवून द्यावं लागतं. डब्यातून काढलं, प्लगला लावलं आणि झालं, असं इथं चालत नाही, कारण डब्यावरच्या चित्रातली खोली आणि मराठवाड्यातली खोली यांत फार अंतर आहे.

पहिलं अंतर कूलरचं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला, की खिडकीतला कूलर दिवसरात्र घरघरतो. बहुतेक मॉनिटरमध्ये आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच पलीकडचा स्पीकर सुरू होण्याची सोय असते. ही पातळी खाली ठेवली तर कूलरच अखंड ऐकू येतो, आणि कंटाळून एक दिवस कुणीतरी आवाज बंद करून टाकतं. पातळी वर नेली तर बाळाची कुरकुर कूलरच्या आवाजात बुडून जाते. यावर उपाय जागेचा आहे. कूलरच्या विरुद्ध बाजूला, पाळण्यापासून तीन-चार फुटांवर, माइकचं तोंड बाळाकडे करून यंत्र ठेवावं आणि पातळी ठरवताना कूलर रात्री ज्या वेगावर असतो त्याच वेगावर चालू ठेवावा. सकाळच्या शांततेत केलेली जुळवणी रात्री निकामी ठरते.

दुसरं अंतर मच्छरदाणीचं. हे कॅमेऱ्याचा मॉनिटर घेतल्यावरच कळतं. अंधार झाला की कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात. माणसाला ते जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा प्रकाश जाळीच्या धाग्यांवर आपटून थेट भिंगात परततो. पडद्यावर पांढरं धुकं दिसतं आणि धुक्याआड कुठंतरी बाळ. दुकानदाराकडे तक्रार जाते, कॅमेरा बदलून येतो, तरी धुकं तसंच राहतं. अशा वेळी कॅमेऱ्यातले रात्रीचे दिवे बंद करावेत आणि खोलीत झिरोचा बल्ब लावावा. चित्र जरा दाणेदार येतं, पण बाळाचा चेहरा दिसतो. मच्छरदाणी मात्र काढू नये. डेंग्यूच्या दिवसांत कॅमेऱ्यापेक्षा तिचं काम मोठं आहे.

आणि झोळी. झोळी हलते, म्हणून हालचाल टिपणारा कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला फोन वाजवतो. ती सूचना बंद ठेवून फक्त रडण्याची सूचना चालू ठेवावी. पण खरा मुद्दा वेगळाच आहे. झोळीत बाळ कॅमेऱ्याला दिसतच नाही, दिसतो तो साडीचा कपडा. आत हनुवटी छातीला टेकली आहे की नाकावर कापड आलं आहे, हे जगातला कुठलाही कॅमेरा सांगू शकत नाही. झोळीत डोळा लागल्यावर बाळ सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवावं आणि मगच खोलीबाहेर जावं.

भिंतींचंही पाहायला हवं. गुलमंडी, पैठण गेट भागातल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींत वायफायची लहर दमते. नव्या इमारतींत मधला स्लॅब तेच करतो. डब्यावर लिहिलेले शेकडो मीटर मोकळ्या मैदानातले असतात. म्हणून पहिल्या दिवशीच एक परीक्षा घ्यावी. घरातल्या एकानं पाळण्याजवळ बसून हळू खोकावं, दुसऱ्यानं खाली मोटरजवळ, गच्चीवर, मागच्या मोरीत उभं राहून ऐकावं. मोटर चालू असताना ऐकू आलं, तर खरं.

लाइट गेली तर? कॅमेरा इन्व्हर्टरवर आहे, पण राउटर नाही, असं अनेक घरांत असतं. मग कॅमेरा जागा असून मुका होतो. दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. यंत्र निवडताना एक गोष्ट अगोदर विचारावी : संपर्क तुटला तर आपल्या हातातला भाग वाजतो का? बाळ शांत आहे म्हणून आलेली शांतता आणि यंत्र बंद पडलं म्हणून आलेली शांतता, दोन्ही कानाला सारख्याच. संपर्क तुटल्याबरोबर टीं-टीं करणारा साधा आवाजी मॉनिटर, गप्प बसणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा कधीही चांगला.

फोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत आणखी एक फट असते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन न वापरलेली ॲप झोपवून टाकतो. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल तर सूचना येते, पण वाजत नाही. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला दोन्हींतून सूट द्यावी लागते. घरातला तरुण भाचा हे पाच मिनिटांत करून देईल. त्याच्याकडून ते बाळंतपणाच्या आधीच करून घ्यावं.

वायर हा विषय छोटा वाटतो, पण आहे जिवाचा. २०११च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सुमारे सतरा लाख व्हिडिओ मॉनिटर सुरक्षेच्या कारणानं परत बोलावले गेले, कारण पाळण्याजवळ ठेवलेल्या वायरचा गळ्याभोवती फास बसून दोन बाळं दगावली होती. तिथला सुरक्षेचा सल्ला असा : वायर बाळाच्या हातापासून निदान तीन फूट दूर. आपल्याकडे पाळण्याच्या कडीला चार्जर गुंडाळायची सवय आहे. बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यात हाताला लागेल ते ओढू लागतं, त्याआधीच ती वायर भिंतीवर ठोकून टाकावी.

आता कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल. पाळण्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात पाळण्याजवळ बसून अंगावर पाजणारी आईही येते. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहाच्या तपासणी कक्षातली सीसीटीव्ही चित्रं यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकली जात असल्याचं उघड झालं; अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. त्याआधी, ऑगस्ट २०१३मध्ये, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका घरातल्या बेबी मॉनिटरमध्ये शिरून अनोळखी माणसानं झोपलेल्या दोन वर्षांच्या मुलीला शिव्या दिल्या होत्या. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४पासून अशा उपकरणांना सरसकट सारखे, सहज ओळखता येणारे पासवर्ड देण्यावर बंदी घातली. भारतानंही एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक केली. पण नियम नव्या मालाला लागतो, घरात आधीपासून असलेल्या कॅमेऱ्याला नाही. तिथं आपणच दक्ष राहायचं. कंपनीनं दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, ॲपला दोन टप्प्यांची ओळख लावावी, पाजताना कॅमेरा भिंतीकडे वळवावा. पुण्याच्या आजीला नातू पाहायचा असेल तर तिला ॲपमधून स्वतंत्र परवानगी द्यावी. पासवर्ड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. इंटरनेटशी जोडलेलाच नाही असा साधा आवाजी मॉनिटर घेतला, तर हा सगळा घोरच नाही.

बाजारात याहून महाग वस्तू आल्या आहेत. बाळाच्या पायात घालायचे मोजे, जे नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतात. निरोगी बाळाच्या आई-वडिलांनी त्यांच्यावर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. २०१८मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक ‘जामा’त असे दोन मॉनिटर रुग्णालयातल्या यंत्राशी ताडून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांची आकडेवारी भरवशाची नव्हती. नंतर काही उत्पादनांना तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. तरीही, झोपेत होणारे अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका, हाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आजही आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं असेल, तर गोष्ट निराळी.

बाळाचा श्वास पाहण्याचं खरं यंत्र महाराष्ट्रातच तयार झालं, आणि त्याला वीज लागत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे अडचण अशी होती, की न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं आणि गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी एकत्र केल्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास जास्त, उपचार हवेत. १९९२मध्ये या श्वासमापकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे त्याच संस्थेनं गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्यामागे हेच काम आहे.

तेव्हा मॉनिटर जिथं थांबतो, तिथून पुढचं डोळ्यांनी. बाळ शांत झोपलेलं असताना दुपटं बाजूला करून छाती-पोटाचं वरखाली होणं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नये. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. ते पाच-सात सेकंद थांबतं, मग भराभर घेतं, आणि ते स्वाभाविक असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरला तर पुन्हा एकदा मोजावा. तेव्हाही तितकाच भरला तर डॉक्टरांकडे जावं. दोन महिन्यांनंतर वर्षापर्यंत हा आकडा ५० आहे.

उलट, प्रत्येक आवाजाला धावायचीही गरज नसते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अस्वस्थ असते. ते कुंथतं, चेहरा वेडावाकडा करतं, हुंकारतं, आणि डोळे न उघडता पुन्हा झोपतं. मॉनिटर फार नाजूक ठेवला तर आई दर दहा मिनिटांनी उठते आणि तिने उचलल्यामुळे बाळ खरोखर जागं होतं. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, त्यानंतर ओसरू लागतं. बाळंतिणीची झोप हीसुद्धा घरानं जपायची गोष्ट आहे, आणि त्यासाठी मॉनिटर काही वेळ आजोबांच्या उशाशी असायला हरकत नाही.

काही आवाज मात्र वेगळे ओळखायला शिकावं. दर श्वासाला येणारं कण्हणं. क्षीण, पिळवटल्यासारखं रडणं. आणि नेहमीच्या पाजण्याच्या वेळी आवाजच न येणं. असं झालं तर जाऊन पाहावं : दूध ओढतंय का, बरगड्यांखाली खळगा पडतोय का, ओठ निळसर आहेत का, पोट आणि तळपाय गार लागतात की चटका बसतो. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असायला हवं. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ला फोन करा, नाहीतर रिक्षा काढा आणि बाळाला छातीशी धरून घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे पोचा.