बायबलमधले भूत

नाशिकचा शरणपूर रस्ता सर्वांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे वसलेल्या ख्रिस्ती वसाहतीचे हे नाव. बायबलवर बोलायला गेलो की मला हमखास विचारतात, ‘त्यात भुते आहेत, मग पिंपळावरचा मुंजाही खरा का?’

घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे भूत म्हणजे मेलेल्याचा अतृप्त आत्मा. मराठी बायबलात ‘भूतग्रस्त’ हा शब्द येतो. पण तिथला अशुद्ध आत्मा मृताचा नव्हे, ती देवाला विरोध करणारी शक्ती आहे. ‘देवदूता’चा मूळ अर्थही नुसता निरोप्या. अब्राहामाकडे ते साध्या वाटसरूंसारखे आले. सहा पंख आहेत ते यशयाने पाहिलेल्या सराफांना.

मार्काच्या शुभवर्तमानात थडग्यांत राहणारा एक भूतग्रस्त भेटतो. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले होते. येशूने त्याला नाव विचारले, बरे केले आणि आपल्या माणसांत परत धाडले. ना मार, ना धुरी.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरातले कुणी भ्रमिष्टासारखे वागू लागले तर प्रार्थना जरूर करा. पण आधी डॉक्टरांकडे न्या.